निवळशंख पाणी किती दिवस?

नारळी पौर्णिमेला सागरास श्रीफळ अर्पण करून गाबित आणि खारवी बांधव होड्या पाण्यात लोटतात, तेव्हा समुद्राचा कोप शमलेला असतो खरा. परंतु त्याचे पाणी निवळलेले नसते. सह्याद्रीवरून धावत आलेल्या नद्यांनी आणलेला गाळ तळाशी बसण्यास आणखी दोन-अडीच महिने जावे लागतात. दिवाळी सरते, थंडीची चाहूल लागते आणि मग आपल्या किनाऱ्यावरील काही मोजक्या ठिकाणी पाणी असे निवळशंख होते की, दोन-तीन पुरुष खोलीवरचा खडक, त्यावरील प्रवाळ आणि त्याभोवती फिरणारी रंगीत मासळी वरून स्वच्छ दिसावी. तोंडावर काचेचा मुखवटा, दातांत श्वासाची नळी आणि पायांना वल्ह्यासारखी पाती लावून पाण्यावर पालथे तरंगत हे दृश्य पाहण्याच्या छंदाला स्नॉर्केलिंग म्हणतात. मोटारीने किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, गर्दी नसलेली पुळण गाठावी, तेथे हा आनंद लुटावा आणि पुढच्या गावी निघावे, ही आता सुशिक्षित तरुणांच्या सुट्टीची रीतच होऊन बसली आहे.

या छंदाला आमचा विरोध नाही. किंबहुना, मद्याच्या दुकानांभोवती आणि कर्णकर्कश संगीताभोवती घुटमळणाऱ्या पर्यटनापेक्षा तो कितीतरी निर्मळ आहे. समुद्राकाठी जन्म घालवूनही समुद्राच्या पोटात काय आहे, हे न पाहिलेले हजारो लोक आमच्यात आहेत. त्यांच्या मुलांनी ते पाहिले, तर समुद्राविषयी आपुलकीच वाटेल. आमचा आक्षेप आहे तो या छंदाबरोबर आलेल्या एका शब्दाला. तो शब्द म्हणजे 'शोध'. अमुक एक अस्पर्श किनारा आपण शोधून काढला, असे जो तो सांगू लागला आहे. 1498 साली वास्को द गामाने हिंदुस्थानचा 'शोध' लावला, असे पोर्तुगीज मोठ्या अभिमानाने सांगत. ज्या भूमीवर माणसे नांदत होती, देवळे उभी होती, बाजार भरत होते, तिचा शोध कसला, असा प्रश्न गोमंतकीयांनी तेव्हाही विचारला आणि आजही ते विचारतील. मग ज्या पुळणीवर पिढ्यान्पिढ्या रापण ओढली गेली, जिच्या माडांखाली जाळी वाळली, तिचा शोध परवा आलेल्या मोटारीने लावला, हे आम्ही कसे मान्य करावे?

गोव्यातील केरीच्या किनाऱ्यावरून तेरेखोलची नदी ओलांडून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाचा मार्ग डोळ्यांपुढे आणावा. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी ज्यावर तिरंगा फडकविला तो तेरेखोलचा किल्ला मागे पडतो, रेडीच्या खाणी मागे पडतात आणि शिरोडा येते. 1930 सालचा मिठाचा सत्याग्रह येथलाच, आणि वि. स. खांडेकरांनी शिक्षक म्हणून आपल्या उमेदीची वर्षे घालविली तीही येथेच. पुढे वेतोबाची आरवली, डचांच्या वखारीचे वेंगुर्ले, मग खवणे, निवती आणि भोगवे. भोगव्यापाशी कर्ली नदी समुद्रास मिळते. पलीकडे देवबाग आणि तारकर्ली नजरेच्या टप्प्यात दिसतात. पण मोटारीस मात्र वळसा घालूनच तेथे पोहोचावे लागते. शेवटी मालवण आणि 1664 साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग. दक्षिणेकडे निघणाऱ्यास आगोंद, गालजीबाग, पोळे आणि सीमेपलीकडे कारवार भेटते. या वाटेवर सुंदर पुळणी पुष्कळ आहेत. परंतु पाण्याखाली पाहण्याजोगे खडक आणि ते पाहता येईल इतके स्वच्छ पाणी, ही दोन्ही एकत्र मिळावीत अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. ही दुर्मिळता ध्यानात घेतल्याखेरीज पुढील विवेचनाचे मर्म कळणार नाही.

या जागा आजवर निवांत राहिल्या त्या योगायोगाने नव्हे. पहिले कारण भूगोलाचे. दर पाच-दहा मैलांवर खाडी आडवी येते, रस्ता आत वळतो आणि घाईच्या प्रवाशाचा उत्साह मावळतो. दुसरे कारण कायद्याचे. नोव्हेंबर 1981 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा राखण्यास सांगितले. त्याच विचारातून पुढे 1991 ची किनारपट्टी नियमन अधिसूचना निघाली आणि ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मज्जाव झाला. तिसरे आणि आमच्या मते सर्वांत मोठे कारण म्हणजे तेथील माणसे. होड्या ओढून ठेवण्यास मोकळी वाळू हवी, रापणीस मोकळे पाणी हवे, विहिरीस गोडे पाणी हवे, या अगदी साध्या गरजांपोटी त्यांनी किनारा मोकळा ठेवला. त्यासाठी त्यांना कोणी पारितोषिक दिले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही.

ही तीनही कुंपणे आता एकाच वेळी खिळखिळी होऊ लागली आहेत. ऑक्टोबर 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. जानेवारी 2023 मध्ये मोपावरून विमाने उडू लागली. या दोहोंच्या मधोमध नेमका हाच निवांत पट्टा येतो. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचे बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनचे स्वप्न आता खाड्यांवरील मोठमोठ्या पुलांच्या रूपाने साकार होऊ पाहत आहे. म्हणजे भूगोलाचे कुंपण गेले. जानेवारी 2019 च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटरची मर्यादा 50 मीटरवर आणली. म्हणजे कायद्याचे कुंपणही जागोजाग वाकले. उरले ते माणसांचे कुंपण. ते किती काळ टिकेल, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर गोव्याने आधीच दिलेले आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी मंडळी आली तेव्हा कळंगुट आणि हणजूण येथील किनारेही असेच 'शोधले' गेले होते. त्यांच्या मागोमाग हौशी प्रवासी आले, ऐंशीच्या दशकात परदेशांतून भाड्याची विमाने थेट दाबोळीस उतरू लागली, मग हॉटेले, मग हॉटेलांची सांडपाणी, मग टँकर. 2011 च्या शिरगणतीत साडेचौदा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या राज्यात 2024 साली एक कोटीहून अधिक पर्यटक आल्याचे सरकारी आकडे सांगतात. पैसा आला, रोजगारही आला; हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ज्या शांततेच्या शोधात पहिला पाहुणा आला होता, ती शांतता काही पुन्हा आली नाही. आणि एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे: भाटे विकणारे, परवान्याविना मजले चढविणारे, ओहोळात नळ सोडणारे सगळेच बाहेरचे नव्हते. गावकरी तेवढे ऋषी आणि परके तेवढे राक्षस, अशी सोपी विभागणी आमच्या अनुभवास उतरत नाही. आपल्याच माणसांनी केलेला ऱ्हास परक्यांच्या माथी मारून मन शांत होईल. किनारा स्वच्छ होणार नाही.

किनाऱ्यावरील हानी निदान डोळ्यांस दिसते. पाण्याखालची हानी दिसत नाही म्हणून ती अधिक घातक. प्रवाळ हा दगड नव्हे. असंख्य सूक्ष्म जीवांनी मिळून बांधलेली ती वसाहत आहे. त्यांच्या शरीरात राहणाऱ्या वनस्पतीसदृश पेशी सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यावर ही सारी वस्ती जगते. पाणी गढूळ झाले की प्रकाश तुटतो. गाळ अंगावर बसला की जीव गुदमरतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की त्या पेशी निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. गोलाकार वाढणाऱ्या प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे नातवाच्या पायाच्या एका धक्क्याने जे मोडते, ते आजोबांच्या जन्मापासून वाढत आलेले असू शकते. समुद्राचे तापणे ही तर जगाची व्याधी आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर केली. तिच्यावर मालवणच्या किंवा गोव्याच्या ग्रामसभेकडे औषध नाही. परंतु आजारी माणसाच्या छातीवर नांगर टाकू नये, एवढे तर आपल्या हाती आहे!

आम्ही नांगर हा शब्द अलंकार म्हणून वापरीत नाही. पर्यटकांस घेऊन गेलेली होडी खडकावर स्थिर ठेवण्यासाठी लोखंडी नांगर टाकते, तो प्रवाळात रुततो आणि ओढताना त्याचा चुरा करतो. दिवसातून दहा होड्या, वर्षातून दोनशे दिवस, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. त्यात पोहता न येणारा पाहुणा घाबरून प्रवाळावरच उभा राहतो. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव आणि बिस्किटे टाकली जातात. त्यामुळे माशांचे थवे छायाचित्रापुरते जमतात. परंतु खडकावरील शेवाळ खाऊन प्रवाळास मोकळे ठेवण्याचे त्यांचे मूळ काम मागे पडते. डोंगर कापून रस्ता किंवा हॉटेल बांधले की पहिल्याच पावसात तांबडी माती वाहत येऊन याच खडकांवर बसते. ज्या स्वच्छ पाण्यासाठी पाहुणा आला, ते पाणी त्याच्या सोयीसाठी केलेल्या कामांनीच गढूळ व्हावे, यासारखी विसंगती नाही.

यावर कायदा नाही काय? आहे. मालवणचा सागरी परिसर 1987 साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्गाभोवतीचा गाभा त्यात येतो. 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रवाळाचा समावेश झाला. म्हणजे कागदोपत्री प्रवाळास वाघाइतकेच संरक्षण आहे. तथापि हे अभयारण्य ज्यांच्या दारात उभे राहिले, त्या मच्छीमारांस विश्वासात घेतले गेले नाही, अशी तक्रार राहिली. आपली मासेमारीच बंद होणार, या धास्तीने त्यांनी दीर्घकाळ त्यास विरोध केला. परिणामी अभयारण्य नकाशावर राहिले आणि समुद्रात व्हायचे ते होत गेले. लोकांवाचून कायदा लंगडा असतो, त्याचे हे ठळक उदाहरण.

याच्या उलट उदाहरणेही आपल्याच किनाऱ्यावर आहेत. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांनी किनाऱ्यालगतची मासळी खरवडून नेण्यास सुरुवात केली, तेव्हा गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले. त्यांच्या लढ्याचे फळ म्हणून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा ट्रॉलरांस बंद झाला. पर्यावरण हा शब्द तेव्हा वृत्तपत्रांतही क्वचितच छापला जाई. रापणकारांना मात्र त्याचा अर्थ पोटाच्या भाषेत कळला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात एकेकाळी समुद्री कासवांची अंडी चोरीस जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना हाताशी धरून अंड्यांचे रक्षण सुरू केले. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक वेळासला जातात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचे जेवतात. तेथे पंचतारांकित हॉटेल नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. कासव वाचले आणि गावाच्या पदरी चार पैसे पडले, ते कासव वाचले म्हणूनच. पाहुणा हवा की नको, हा वाद येथे निकालात निघतो. पाहुणा कोणाच्या अटीवर यावा, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

मालवणचा अनुभवही या दृष्टीने पाहिला पाहिजे. मासळीचे उत्पन्न बेभरवशाचे झाल्यावर तेथील अनेक गाबित तरुणांनी होडीत जाळ्याऐवजी मुखवटे आणि नळ्या ठेवल्या. ज्या मुलास मुंबईत गोदीवर किंवा हॉटेलात नोकरी शोधावी लागली असती, तो आज आपल्याच खडकाची माहिती पाहुण्यास सांगतो. ही गोष्ट लहान नव्हे. पण जेथे नियम नाही तेथे स्पर्धा येते, स्पर्धेपाठोपाठ घाई येते आणि घाईपाठोपाठ अपघात. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा बळी गेला. डिसेंबर 2024 मध्ये नाताळच्या दिवशीच कळंगुटला होडी उलटून एकास प्राण गमवावे लागले. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर 2008 पासून जीवरक्षक तरी आहेत. पण ज्या पुळणीवर चिटपाखरूही नाही म्हणून पाहुणा जातो, तेथे त्यास बुडताना पाहणारेही कोणी नसते. निवांतपणाची ही दुसरी बाजू प्रवासवर्णनांत कोणी लिहीत नाही.

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीजवळच्या समुद्रतळाशी बसवून तेथे पर्यटकांसाठी पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना हाती घेतली आहे. बुडविलेल्या नौकेवर कालांतराने समुद्रजीव वस्ती करतात आणि नैसर्गिक खडकांवरील गर्दी काही अंशी तिकडे वळू शकते, हे खरे. परंतु तिच्या निमित्ताने किनाऱ्यावर जी गर्दी लोटेल, तिच्या पाण्याची, सांडपाण्याची आणि होड्यांची व्यवस्था आधी झाली पाहिजे. एरवी आमच्याकडे वरातीमागून घोडे धाडण्याची प्रथा आहे. आधी पाहुणे येतात, मग कचरा साठतो, मग समिती नेमली जाते.

म्हणून आम्ही दोन्ही राज्यांच्या सरकारांस आणि त्याहून अधिक आग्रहाने किनारी ग्रामपंचायतींस काही गोष्टी सुचवू इच्छितो. पहिली, प्रवाळाच्या प्रत्येक ज्ञात जागी कायमचे बोये बसवावेत आणि तेथे नांगर टाकण्यास सक्त मनाई करावी. खर्चाच्या मानाने याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. दुसरी, एका खडकावर एका दिवसात किती होड्या आणि किती माणसे, हे ग्रामसभा, मच्छीमार सहकारी संस्था आणि वनखाते यांनी एकत्र बसून ठरवावे व संख्या भरली की तो दिवस संपला, असे समजावे. तिसरी, या व्यवसायाचे परवाने त्या त्या गावच्या मच्छीमारांस प्रथम मिळावेत. रक्षणाचे ओझे एकाच्या खांद्यावर आणि नफा दुसऱ्याच्या खिशात, अशी वाटणी टिकत नाही. चौथी, प्रत्येक होडीची क्षमता तिच्या अंगावर रंगविलेली असावी, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे आणि निघालेल्या माणसांची यादी किनाऱ्यावर ठेवलेली असावी. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, महामार्ग पुळणीला चिकटून नेऊ नये. तो आतून न्यावा आणि गावापर्यंत अरुंद फाटा ठेवावा. शेवटचा मैलभर चालावे लागले तर खऱ्या हौशी माणसाचे काही बिघडत नाही. बिघडते ते फक्त जमिनीच्या दलालाचे.

पाचव्या सूचनेस विरोध होईल, हे आम्हांस ठाऊक आहे. रस्ता म्हणजे प्रगती, असे समीकरण मनात पक्के बसलेले आहे आणि प्रसूतीसाठी अडलेल्या बाईला डोलीतून न्यावे लागलेल्या गावांस ते खोटे आहे असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. दवाखान्यापर्यंत, शाळेपर्यंत, बाजारापर्यंत चांगला रस्ता गावाला मिळालाच पाहिजे. परंतु गावाला बाहेर नेणारा रस्ता आणि बाहेरच्यांस थेट वाळूवर आणून सोडणारा रस्ता, हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्याची मागणी गाव करते. दुसऱ्याची मागणी कोण करतो, हे ग्रामसभेने एकदा विचारून पाहावे.

राहिला प्रश्न प्रवाशाचा. त्यास आम्ही दोनच शब्द सांगू. समुद्र पाहायचा तर समुद्राच्या वेळेने जावे. सकाळी मतलई वारा वाहत असतो तोवर पाणी शांत असते. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तळ ढवळतो; अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती पाण्यास स्थिर ठेवते. हे ज्ञान कोणत्याही मार्गदर्शिकेत शोधण्याऐवजी होडीच्या म्हाताऱ्या तांडेलास विचारावे आणि तो 'आज नको' म्हणाला तर मुकाट्याने परत फिरावे. प्रवाळास हात लावू नये, माशांस पाव घालू नये, नेलेला कागदाचा कपटाही परत आणावा. आणि इतके सुंदर काही पाहिल्यावर त्याचा पत्ता चव्हाट्यावर मांडण्याची घाई करू नये. भोगव्याच्या किंवा गालजीबागच्या माणसाने आपल्या पुळणीची दवंडी पिटली नाही, म्हणूनच ती तुम्हांस निवांत मिळाली.

किनाऱ्याचे मालक आम्ही नाही, सरकार नाही, हॉटेलवाले तर नाहीतच. खुद्द गावही नाही. गाव हा त्याचा राखणदार आहे. राखणदाराचा शब्द आमच्या परंपरेत देवाच्या शब्दाइतकाच मानला जातो. त्यास विचारल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये, असा येथील संकेत आहे. तोच संकेत आता पाण्यासही लागू करावयास हवा. महामार्गाचे पूल उभे राहण्यास अद्याप थोडा अवकाश आहे. तेवढ्या अवधीत किनाऱ्यावरील ग्रामसभांनी आपले नियम लिहून काढले नाहीत, तर पुलांवरून येणारी पहिली वाहने नियम सोबत घेऊनच येतील, आणि ते नियम किनाऱ्याच्या हिताचे असणार नाहीत.